‘जातच अशी आहे’ म्हणून विकलेलं आजारी पिल्लू

कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घ्यायच्या विचारात असाल तर मला कसं गंडवलं ते आधी वाचा.

आपल्या भागात कारवानीचं वेड जुनंच. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे बघायला गेलेला माणूसही चांगलं कारवानी दिसलं की थबकतो. लातूरकडं कानाशेपटीला लांब केस असलेल्याला पश्मी म्हणतात, त्याचा तोरा आणखी वेगळा. निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, परक्याला अंगाला हात लावू न देणारा स्वभाव ही लक्षणं इथं पोराटोरांना पाठ असतात. भामट्यांनाही असतात.

मला पिल्लू विकणारा गडी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भेटला. तो निम्मे पैसे आधी फोनपेवर घेऊन अहमदपूर रोडवरच्या एका ढाब्यापाशी आला. पिल्लू खोक्यात. बरगड्या वर आलेल्या. “सायेब, कारवानी हाय, अंगावर मास धरतच न्हाई.” हात पुढं केला तर ते नुसतं मान टाकून बसलं. “मानी जात हाय, परक्याकडं बघत बी न्हाई.” दुधाला तोंड लावेना. “मालक बदलला ना, दोन दिस रुसंल.” प्रत्येक शंकेला उत्तर तयार, आणि प्रत्येक उत्तरात थोडं खरंही. मोठं कारवानी परक्यापासून लांब राहतं, ते खरंच. पण दोन महिन्यांचं धडधाकट पिल्लू कुठल्याही जातीचं असो, बुटाची लेस ओढणार, बोटं चावणार, वाटीत पाय घालून खाणार. जे उठतच नाही ते मानी नसतं, आजारी असतं.

एकूण 12 हजार गेले. घरी आणल्यावर उलट्या, मग रक्ताची, घाणेरड्या वासाची हगवण. डॉक्टरांनी किटवर तपासलं तर पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. सलाइन लावलं, पण वाचलं नाही.

त्या डॉक्टरांनीच लसीचं कार्ड उलगडून दाखवलं. बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं होतं, पण त्यावरची एक्सपायरी लस टोचल्याच्या तारखेच्या आधीची! खाली सहीच्या जागी नुसतं गिचमिड, ना डॉक्टरचा शिक्का ना नोंदणी क्रमांक. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचा कागदही दिला होता, त्यावर ‘कॅरवॅन हाउंड’ हे कारवानीचं इंग्रजी नाव आणि कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर. मानेवरून स्कॅनर फिरवला, काही निघालं नाही. कागद खरा असेलही, दुसऱ्याच कुत्र्याचा.

त्यामुळं पिल्लू ढाब्यावर, स्टँडवर घेऊच नका. ते जिथं वाढलं तिथं जा, आई बघा, पिल्लाला तुमच्यासमोर खाऊ द्या. आई दाखवायला टाळाटाळ झाली की तिथूनच माघारी फिरा. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरला, म्हणजे पिल्लं पैदा करून विकणाऱ्याला, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. तो नोंदणीचा कागद मागा. मला पिल्लू विकणाऱ्या गड्याला फोनवर विचारलं तर त्यानं मला ब्लॉक केलं.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उशीर केला तर पैसे पुढं सरकतात.

आणि असं पिल्लू घरात गेलं असेल तर फरशी ब्लीचच्या पाण्यानं धुवा. अंगणातल्या मातीत पार्व्होचा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो. लसी पूर्ण झाल्याशिवाय दुसरं पिल्लू तिथं सोडू नका, शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.