उभं विमान की उडतं? जुन्या विमानांचे फोटो काढायला निघताना

जुन्या विमानांचे फोटो काढायचे, त्यांच्या कहाण्याही जमवायच्या असं मनात घेतलं की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नसतो. मोकळा दिवस एकच असेल तर संग्रहालयात जायचं की एअर शोला, हा असतो. दोन्हीकडे विमानं तीच असली तरी हाती लागतं ते फार वेगळं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली दोन ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बर शेजारी ठेवून पाहिली की हा फरक चटकन कळतो.

पहिल्याचा अनुक्रमांक आर ५८६८. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात ते उभं आहे. १९४२ साली ते सेवेत आलं आणि त्याच्या नावावर १३७ मोहिमांची नोंद आहे. नाकाच्या बाजूवर प्रत्येक मोहिमेसाठी एक बॉम्ब रंगवलेला, ओळीखाली ओळ. शत्रूचं एकही विमान आमच्या हद्दीवरून उडणार नाही, ही जर्मन हवाई दलप्रमुख गोअरिंगची फुशारकी त्या ओळींपाशीच रंगवलेली आहे. ज्या विमानांनी ती खोटी ठरवली, त्यांतल्याच एकाच्या अंगावर.

दुसरं पीए ४७४. हे ब्रिटिश हवाई दलाच्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइटकडे, म्हणजे जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या तुकडीकडे आहे. उडण्याजोगी लँकेस्टर जगात दोनच उरली आहेत: एक हे, दुसरं कॅनडात हॅमिल्टनला. चार मर्लिन इंजिनांचा तो एकत्रित घुमारा आधी छातीत जाणवतो, मग कानाला कळतो. पण या विमानाने युद्धात एकही बॉम्ब टाकलेला नाही. १९४५च्या मध्याला ते तयार झालं, जपानविरुद्धच्या आघाडीवर जायचं होतं, तोवर युद्ध संपलं. पुढे त्याने आफ्रिकेत हवाई छायाचित्रणाचं काम केलं. नंतर क्रॅनफिल्डला त्याच्या पाठीवर प्रायोगिक पंख उभे बसवून चाचण्या झाल्या. आज त्याच्या अंगावर जो रंग आणि जी अक्षरं दिसतात, ती युद्धात लढलेल्या दुसऱ्या लँकेस्टरांच्या स्मरणार्थ असतात आणि दर काही वर्षांनी बदलतात.

म्हणून फोटोखाली ओळ लिहिताना जपावं लागतं. उडत्या विमानाचा रंग एकाची गोष्ट सांगतो, सांगाडा दुसऱ्याची. मला स्वतःला पीए ४७४ची खरी गोष्ट रंगवलेल्या गोष्टीहून जास्त आवडते. कॅमेरे घेऊन उडालेल्या विमानाचा फोटो आपण काढतोय, ही जाणीव खोलवर सुखावते.

आता कॅमेऱ्याकडे येऊ, कारण एअर शोमध्ये बहुतेकांचं गणित चुकतं ते प्रोपेलरपाशी. पहिल्या एअर शोला मी शटर स्पीड १/२००० ठेवला. फोटो लख्ख आले, पण प्रत्येक विमानाचा प्रोपेलर थिजलेला, जणू दोरीला टांगलेलं मॉडेल. कारण सरळ आहे. मर्लिनमध्ये गिअरमुळे प्रोपेलर इंजिनाच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरतो. तो मिनिटाला १,००० फेरे घेतोय असं धरा, म्हणजे सेकंदाला ६,००० अंश. १/२००० मध्ये पातं फक्त ३ अंश सरकतं. १/१२५ ला ४८ अंश, आणि १/५० ला १२० अंश. तीन पात्यांच्या प्रोपेलरची पूर्ण चकती उमटायला तेवढंच लागतं. पण १/५० ला लांब लेन्स हातात धरून विमानाचं अंग धारदार ठेवणं म्हणजे वर्षानुवर्षांचा सराव. सुरुवातीला १/२५० वर घ्या, हात बसला की १/१२५ वर उतरा. विमानाबरोबर कंबरेतून वळायचं आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. आणखी एक: मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर चालू राहिलं तर बहुतेक कॅमेऱ्यांत पाती केळ्यासारखी वाकडी येतात. मेकॅनिकल शटर लावूनच उभे राहा.

संग्रहालयात हे काही नाही. तिथे झगडा उजेडाशी. छतावरचे दिवे एका रंगाचे, खिडकीतला प्रकाश दुसऱ्या, आणि ट्रायपॉडला अनेक ठिकाणी मनाई. आयएसओ वाढवा, कठड्याला कोपर टेकवा, रॉ फाइलमध्ये काढा म्हणजे रंग घरी सुधारता येतो. चकाकत्या ॲल्युमिनियमवरची झळाळी पोलरायझर फिल्टरने जाईल अशी आशा धरू नका. काचेवर किंवा रंगावर तो चालतो, उघड्या धातूवर जवळजवळ नाही. दोन पावलं सरकणं हाच तिथला उपाय. रुंद लेन्सने अख्खं विमान बसवण्याच्या नादात पंख ताणले जातात आणि मागे आगीचा बंब आणि माणसांच्या टोप्या येतात. गुडघ्यावर बसा, चाकाच्या उंचीवर या.

आणि जवळ जा. लंडनच्या त्याच रॉयल एअर फोर्स संग्रहालयात हॅलिफॅक्स बॉम्बर डब्ल्यू १०४८ आहे. २७ एप्रिल १९४२ रोजी जर्मन युद्धनौका टिर्पिट्झवर हल्ला करताना त्याला मार बसला आणि वैमानिकाने ते नॉर्वेतल्या एका गोठलेल्या तळ्यावर उतरवलं. माणसं वाचली, बहुतेक जण चालत स्वीडनला पोचले. विमान बर्फ फोडून तळाशी गेलं आणि १९७३ साली वर काढलं गेलं. त्याला नवं रूप दिलेलं नाही, तळ्याने जसं परत केलं तसंच ठेवलंय. कुरतडलेले पत्रे, फाटलेल्या कडा. हाताच्या अंतरावरून, मंद उजेडात, एका रिव्हेटच्या रांगेवर अर्धा तास घालवता येतो. हवेत ताशी ३०० किलोमीटरने जाणारं विमान ती सवड देत नाही.

उडणाऱ्यांत अस्सल इतिहास नसतोच असं मात्र नाही. डक्सफर्डच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचं लढाऊ विमान स्पिटफायर एन ३२०० घ्या. २६ मे १९४० रोजी डंकर्कहून दोस्त सैन्य माघारी नेलं जात होतं त्या दिवसांत ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं, वाळूत गडप झालं, १९८६ साली बाहेर निघालं आणि २०१४ साली पुन्हा उडालं. अर्थात पुनर्बांधणीत बराच धातू नव्याने घडवावा लागला.

तर निवड अशी. तुमच्याकडे ३०० मिलीमीटरच्या आतलीच लेन्स असेल, किंवा फोटोपेक्षा गोष्ट जास्त हवी असेल, तर आधी संग्रहालय, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी, दार उघडताच. ४०० मिलीमीटरच्या पुढची लेन्स आणि फुकट गेलेल्या शेकडो फोटोंची तयारी असेल, तर एअर शो. तिकीट घेण्याआधी प्रेक्षकांची रांग कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते नकाशावर बघा. दुपारभर सूर्य समोर असेल तर विमानं काळ्या आकृत्याच येतील. शक्य असेल तर पहिला शो हळू विमानांचा निवडा. ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ कलेक्शनचं १९०९चं ब्लेरिओ विमान वारा पडलेला असेल तेव्हाच धावपट्टीवरून थोडकी झेप घेतं. ते टिपायला वेगवान ऑटोफोकस लागत नाही.

कुठेही गेलात तरी पहिला फोटो शेपटीकडच्या अनुक्रमांकाचा काढा, आणि माहितीपाटी असेल तर दुसरा तिचा. घरी आल्यावर रंगावरून नव्हे, त्या क्रमांकावरून शोध घ्या.