न्हाणीघरातली स्टीलची आधार-दांडी: आठ महिन्यांचा अनुभव

माझं वय 74. रत्नागिरीत चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जुन्या घरात एकटी राहते, मुलगा बंगळूरला असतो. गेल्या वर्षी माझ्या नणंदबाईंनी अंघोळ करून उठताना टॉवेलची दांडी धरली. ती स्क्रूसकट हातात आली आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. रोज देवळापर्यंत पायी जाणारी बाई, आज वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. टॉवेलच्या दांडीवर माणसाचा भार टाकायचा नसतो, हे आमच्या घरात कुणी मनातच आणलं नव्हतं.

त्यानंतर मी आधी ऑनलाइन मागवली ती रबरी कपांनी भिंतीला चिकटणारी आधार-दांडी. भिंतीला भोकं पाडायला नकोत म्हणून मोह झाला. दोन दिवस घट्ट बसली. तिसऱ्या दिवशी सहज ओढून बघितली तर फटकन सुटली. दोन टाइल्सच्या मधल्या सांध्यातून हवा शिरते आणि पकड जाते. नशीब, मी तेव्हा कपडे वाळत घालून आले होते, ओल्या अंगाने उठत नव्हते. हा प्रकार उठताना भार टाकण्यासाठी कुणीही घेऊ नये, अगदी कळकळीने सांगते.

मग बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलच्या दोन दांड्या आणल्या, 18 इंची. आमच्याकडे खारी हवा, खिडकीच्या बिजागऱ्यासुद्धा लाल होतात, म्हणून 304 ग्रेडचं स्टील मागून घेतलं. स्वस्तातलं 202 दिसायला तस्संच दिसतं, पण लवकर गंजतं. जाडी मुठीत नीट मावेल इतकी हवी, माझी 32 मिलिमीटरची आहे. दुकानात पाणी मागून हात ओला केला आणि दोन-तीन दांड्या धरून बघितल्या. चकचकीत होत्या त्या हातातून सरकल्या, मधे खरबरीत असलेली घेतली. दोन्ही मिळून 1900 रुपये आणि बसवायचे 700.

खरं महत्त्व बसवण्याला आहे. प्लंबर आपल्या उंचीच्या अंदाजाने खूण करायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. जमीन कोरडी असताना अंघोळीचं स्टूल जागेवर ठेवलं, त्यावर बसले आणि तीनदा उठले. दर वेळी उजवा हात जिथे गेला तिथे त्याने पेन्सिलने खूण केली. माझा डावा गुडघा दुखरा, त्यामुळे हात उजवीकडेच जातो. स्टुलाजवळ उभी आणि कमोडशेजारी आडवी, अशा दोन दांड्या ठरल्या.

टाइलला चिकटपट्टी लावून त्याने हळूहळू भोक पाडलं, एकही टाइल तडकली नाही. पण आत चिरा भुसभुशीत, स्क्रू धरणारा प्लग नुसताच फिरायला लागला. दुसरा कुणी असता तर तसाच दाबून निघून गेला असता. हा परत बाजारात गेला, बोल्ट भिंतीत घट्ट धरून ठेवणारं केमिकल आणलं, भोकात भरून बोल्ट बसवले आणि म्हणाला, "आजी, उद्यापर्यंत हात लावू नका." दुसऱ्या दिवशी येऊन स्वतः दांडीला लोंबकळला. जुन्या चिऱ्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावं.

आता तक्रार. दांडीबरोबर पाकिटात आलेले स्क्रू दांडीच्या दर्जाचे नव्हते. पावसाळ्यात एकाच्या डोक्यावर तांबूस ठिपका दिसला. चारही बदलून स्टीलचे घातले. टोकाच्या गोल झाकण्याही सैल होतात, त्यांच्यामागे पाणी साचतं. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्या सरकवून आतून पुसते आणि दांडी दोन्ही हातांनी ओढून बघते.

मधे काही महिने मी कामवाली येईपर्यंत अंघोळीला थांबत असे, म्हणजे दहा वाजायचे. देवपूजा, चहा, सगळंच तिच्या येण्यावर. आता पुन्हा पूर्वीसारखी साडेसहाला अंघोळ होते. न्हाणीघराची कडी मात्र काढून टाकली आणि बाहेरूनही उघडेल असं कुलूप बसवलं, त्याची एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते.

तिसरी दांडी पडवीच्या पायऱ्यांपाशी लावायची आहे. तिथे शेवाळ धरतं. मे महिन्यात त्याच प्लंबरला बोलावणार आहे, पाऊस लागायच्या आत.