भाव बघायचं अ‍ॅप की लक्ष्मी रोडची चक्कर? आधी काय घ्यायचंय ते सांगा

दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, भाव कंपेअर करायला कुठलं अ‍ॅप चांगलं. पण यात दोन जातीची टूल्स आहेत, एक सांगतं की वस्तू आत्ता कुठे स्वस्त आहे आणि दुसरं सांगतं की हा आत्ताचा भाव मुळात स्वस्त आहे का, आणि माझ्या मते खरे पैसे दुसरं वाचवतं. पहिलं चाळणी म्हणून ठीक.

आधी पहिली जात घेऊ. स्मार्टप्रिक्स, मायस्मार्टप्राइस, ९१मोबाइल्स वगैरे. मोबाइल घ्यायचा असेल तर डोळे झाकून इथून सुरुवात करा, कारण मोबाइलचं मॉडेल सगळीकडे एकच असतं, रॅम आणि स्टोरेज जुळलं की झालं, बजेट टाका, फिल्टर लावा, पंधरा फोनांचे तीन फोन होतात. पण हेच फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीनला लावायला गेलात की गाडी अडते. कंपन्या ऑनलाइनसाठी एक मॉडेल काढतात, दुकानांसाठी दुसरं, दिसायला जुळी भावंडं पण मॉडेल नंबरची शेवटची दोन अक्षरं वेगळी, आणि आत कधी वॉरंटी कमी असते कधी काचेच्या शेल्फच्या जागी जाळी. टूल कधी त्यांना एकच समजतं, कधी दोन वेगळ्या वस्तू समजून तुलनाच करत नाही. त्यामुळे पूर्ण मॉडेल नंबर टाइप करूनच शोधा, नुसतं "२६० लिटर डबल डोअर" टाकून काही हाती लागत नाही. आणि बीईई या वीज बचतीच्या सरकारी संस्थेच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात तेही बघा, हजार रुपये स्वस्त फ्रिज वर्षाला पन्नास युनिट जास्त खात असेल तर ते हजार कधीच गेले.

दुसरी गोम म्हणजे तिथे दिसतो तो भाव तुम्ही भरणार तो नसतो. समजा एका साइटवर फ्रिज २६,९९० ला आहे आणि दुसरीवर २७,४९० ला, टूल पहिली साइट वर दाखवणार, पण दुसरीवर तुमच्या बँकेच्या कार्डला १,५०० ची सूट असेल तर तिथे पडतो २५,९९० ला, म्हणजे टूलने ज्याला महाग म्हटलं तेच हजाराने स्वस्त. नो कॉस्ट ईएमआयचं उलट. व्याजाइतकी सूट आधी दिली जाते हे खरं पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते आणि वर प्रोसेसिंग फी असते, तेव्हा "नो कॉस्ट" हे जरा प्रेमाने म्हटलेलं असतं. आणि ही टूल्स फुकट का असतात, तर तुम्ही त्यांच्या लिंकवरून खरेदी केलीत की त्यांना कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही पण "बेस्ट डील" असा बिल्ला दिसला की हे डोक्यात असू द्या.

आता दुसरी जात, भावाचा इतिहास दाखवणारी. कीपा फक्त अ‍ॅमेझॉनचा ग्राफ दाखवतं, बायहटके अ‍ॅमेझॉनसोबत फ्लिपकार्ट आणि इतर साइट्सचाही. फक्त अ‍ॅमेझॉनवरूनच घेत असाल तर मला कीपा आवडतं, ग्राफ बारीक असतो, मागे किती जायचं ते ठरवता येतं, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला त्या रंगीत रेषा म्हणजे शेअर बाजार वाटतो. घरातल्या मोठ्यांना शिकवायचं असेल तर बायहटके सोपं. दोन्हींत अलर्ट लावता येतो, हव्या त्या भावाला आली वस्तू की मेसेज.

ग्राफ बघताना एमआरपी पूर्ण विसरा. एमआरपी ही कंपनीनेच ठरवून छापलेली वरची मर्यादा, कायद्याने तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही एवढाच तिचा अर्थ, त्यामुळे "६० टक्के सूट" ही ज्या आकड्यावर मोजतात त्या भावाला ती वस्तू बहुतेक वेळा कुणी घेतलेलीच नसते. युरोपियन युनियनमध्ये २०२२ पासून नियम आहे की सूट जाहीर करायची तर मागच्या ३० दिवसांतला सगळ्यात कमी भाव सोबत सांगावा लागतो, आपल्याकडे ते काम ग्राफवर सोपवायचं. सेलच्या दोन-तीन आठवडे आधी रेषा हळूच वर चढलेली दिसली आणि सेलच्या दिवशी परत मूळ जागी आली तर ती सूट नव्हेच. आणि सगळ्यात खालच्या आकड्याचा हट्ट धरू नका, तो कधीतरी दोन तास आलेला असतो, मागच्या चार-सहा महिन्यांत भाव बहुतेक वेळ कुठे होता ते बघा आणि त्याच्या थोडं खाली मिळालं की घ्या. कार्डाची सूट ग्राफमध्येही येत नाही, ती तुमची तुम्ही वजा करायची.

एसी किंवा ३२ इंचावरचा टीव्ही घेणाऱ्यांनी एक गोष्ट खास बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून यांच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे १२८ रुपयांचे ११८, जवळपास आठ टक्के भाव नुसत्या करातच उतरला. त्यामुळे त्या तारखेआधीचा ग्राफ दाखवून "बघा किती कमी झालं" म्हणण्यात अर्थ नाही, त्या तारखेनंतरचीच रेषा बघा. फ्रिज आणि वॉशिंग मशीनला हे लागू नाही, ते आधीपासूनच १८ मध्ये होते.

ही ग्राफवाली टूल्स ब्राउझरला जोडायची एक्स्टेन्शन म्हणूनही बसवता येतात, त्यांच्याबद्दल माझी थोडी कुरकुर आहे. बसवताना ते तुमच्या सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचायची परवानगी मागतात आणि लोक वाचतही नाहीत. बँकेचं काम ज्या ब्राउझरवर करता तिथे नका टाकू, खरेदीला वेगळं प्रोफाइल ठेवा. किंवा सरळ वस्तूची लिंक त्यांच्या साइटवर पेस्ट करा, ग्राफ तोच दिसतो.

मग दुकानं मोडीत काढायची का? अजिबात नाही. पुण्यात तपकीर गल्लीत वायर, स्विच, एलईडी, पंखे घ्यायला जाल तर तिथे टूलचा उपयोग शून्य, घराचं पूर्ण वायरिंगचं सामान घेता तेव्हा भाव यादीवर ठरतो आणि यादी जितकी लांब तितका तो खाली येतो. मोठ्या उपकरणांना मात्र मी दोन्ही जोडते. फोनवर ऑनलाइनचा अंतिम आकडा, कार्डाची सूट वजा करून, आणि मग दुकानात, "काका, एवढ्याला मिळतोय, तुम्ही किती कराल?" कधी "मग घ्या की ऑनलाइन" असं खास पुणेरी उत्तर येतं, कधी पाचशे जास्त सांगतात पण जुना फ्रिज उचलून नेतात, नवा तिसऱ्या मजल्यावर चढवून देतात आणि स्टँड फुकट. लिफ्ट नसलेल्या सोसायटीत त्या पाचशेचं मोल जास्त. फक्त कच्च्या बिलावर कमी भाव सांगितला तर नको म्हणा, पक्कं जीएसटी बिल नसेल तर वॉरंटीला आणि उद्या तक्रार करायला हातात काहीच राहत नाही. आणि पार्किंगचं कारण सांगू नका, मंडईला मेट्रो स्टेशन झालंय.

तुळशीबागेत तुलना फक्त गंमत म्हणून. कानातल्यांचा फोटो गूगल लेन्सला दाखवलात तर तसलेच कुठेतरी ऑनलाइन सापडतात, पण धातू आणि वजन हातात घेतल्याशिवाय कळत नाही. कपड्यांचंही तेच.

किराण्याला टूलची गरजच नाही. पाकिटावर किलोचा किंवा ग्रॅमचा भाव छापलेला असतो, तो बघा. दहा मिनिटांत आणून देणाऱ्या अ‍ॅपवर तेल पाच रुपये स्वस्त असतं आणि शेवटच्या स्क्रीनवर हँडलिंग चार्ज, छोट्या ऑर्डरचा चार्ज, पावसाचा चार्ज असं करत तीस रुपये चढतात. टप्प्याटप्प्याने चार्ज उघड करणं आणि न विचारता कार्टमध्ये वस्तू घुसडणं या दोन्ही प्रकारांना सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नवरच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीवरच्या, नियमांत बंदी आहे, फारच झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावता येतो. महिन्याचं सामान डी-मार्ट नाहीतर ओळखीचा वाणी, अडलीनडली कोथिंबीर अ‍ॅपवरून, असं मी ठेवलंय.

हे सगळं हाताशी वेळ असेल तर. मे महिन्यात फ्रिज बंद पडला, आत आमरस आहे, पाहुणे यायचेत, तेव्हा ग्राफ बघत बसू नका. एकदा ऑनलाइनचा आकडा बघून ठेवा, जवळच्या दोन दुकानांना फोन करा, आजच्या आज कोण आणून देतो ते विचारा आणि चार-पाचशेपर्यंत फरक असेल तर देऊन टाका.