खवळलेल्या समुद्रातला सी-बास आणि ब्रेकआउट शिसं: घ्यावं कोणतं, वापरावं कसं

वाळूच्या किनाऱ्यावरून, वारा समोरून अंगावर येत असताना सी-बास (थोडक्यात बास) हा समुद्री मासा धरायचा असेल तर रॉड-रीळपेक्षा दोरीच्या टोकाला बांधलेलं शिसं जास्त महत्त्वाचं ठरतं. ते जागेवर राहिलं तर आमिष जागेवर राहतं. ते घरंगळलं की हजार पाउंडांचा रॉडही उपयोगाचा नाही. म्हणून हे परीक्षण फक्त एका वस्तूचं आहे: १५० ग्रॅमचं, तारेच्या सुटत्या आकड्यांचं शिसं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या टॅकलच्या दुकानांत ते ब्रेकआउट लेड म्हणून मागितलं जातं. निकाल आधीच सांगतो. स्वच्छ वाळूवर, मित्रांच्या गटात, लाटा असताना यापेक्षा चांगला पर्याय नाही. खडकाळ तळावर मात्र ते अजिबात वापरू नये.

रचना साधी आहे. लांबट शिशाच्या टोकाशी तारेचे चार आकडे बिजागरीसारखे बसवलेले असतात. प्रत्येक आकड्यावर प्लास्टिकचा एक मणी असतो आणि तो शिशाच्या अंगावरच्या खाचेत दाबून बसतो. शिसं तळाला गेलं की आकडे वाळूत रुततात. जोरात ओढलं की मणी खाचेतून सुटतात, आकडे मागे पडतात आणि शिसं गुळगुळीत होऊन सहज वर येतं. स्थिर आकड्यांच्या शिशात ही सोय नसते. तिथे तार वाकेपर्यंत ओढावं लागतं. पकड त्याची जास्त असते हे खरं, पण तेवढ्या पकडीची गरज जोरदार आडव्या प्रवाहातच पडते. बासच्या मासेमारीत फेक बहुतेक वेळा ३० ते ६० मीटरचीच असते. तिथे ब्रेकआउट पुरतं.

फेक एवढी कमी का, तर आयर्लंडमधला केरीचा इंच किनारा किंवा वेल्समधल्या गावर द्वीपकल्पावरचं रोसिली यांसारख्या, अटलांटिकच्या लाटा थेट घेणाऱ्या किनाऱ्यांवर लाट वाळू उकरते. त्या वाळूतून रेझर शिंपले, खेकडे, किडे उघडे पडतात आणि बास ते वेचायला फेसात येतो, कधी कधी गुडघाभर पाण्यात. १०० मीटर फेकणारा माणूस माशांच्या पलीकडे आमिष ठेवतो. लाटांच्या ओळींमधली सपाट, गडद पट्टी शोधा आणि तिथे टाका.

आता वापराकडे. निम्मे लोक चुकतात ते इथेच, आणि मग दोष शिशाला देतात. शिसं पाण्यात पडल्यावर लगेच दोरी ताणू नका. ते तळाला टेकू द्या आणि मग १० ते १५ मीटर ढील सोडा. प्रवाह त्या दोरीला बाक देतो आणि ओढ वरून न येता तळाला जवळजवळ समांतर येते. आकडा रुततो तो या आडव्या ओढीने. दोरी लगेच ताणली तर ओढ वरच्या दिशेने येते आणि आकडे वाळू खरवडत काठाकडे सरकतात. कमी अंतरावर ही अडचण वाढते, कारण रॉड उंच स्टँडवर उभा केला की दोरीचा कोन आणखी खडा होतो. पण रॉड खाली ठेवला तर काठाशी फुटणाऱ्या लाटा दोरीवर आदळतात. मार्ग एकच: रॉड उंच आणि ढील जास्त. जवळच्या लाटा लहान असतील तर रॉड हातात धरणं सर्वांत चांगलं. बासचा झटका हाताला आधी कळतो.

ज्या शिशाची शेपटी, म्हणजे जिच्या कडीत दोरी बांधतात ती तार, लांब असते ते जास्त धरतं, कारण लांब तारेमुळे शिसं तळाला आडवं पडून राहतं. खरेदी करताना हे पाहाच. दुसरी गोष्ट, मण्यांची पकड. दुकानातच एक आकडा अंगठ्याने मागे ढकलून बघा. बोटाच्या नुसत्या टेकण्याने सुटत असेल तर लाटेत तो टिकणार नाही. दोन्ही अंगठे लावूनही सुटत नसेल तर मासा लागल्यावर त्रास होईल. मधली पकड हवी. जुन्या शिशाची पकड सैल झाली असेल तर आकड्याच्या मुळाशी तार पक्कडीने किंचित आत वळवा, म्हणजे मणी खाचेत घट्ट बसतो. किंवा चारही आकड्यांभोवती रबरबँडचे दोन वेढे द्या. हा उपाय समोर लाटा चढत असताना अर्ध्या मिनिटात होतो, म्हणून खिशात चार-पाच रबरबँड असावेत.

आकडे उघडे किती ठेवायचे? शिशाच्या अंगापासून साधारण ४५ अंश. टोकं आतल्या बाजूला वळलेली असली तर पकड कमी होते. दर फेकीआधी शिसं एका लाटेत खळबळून घ्या, कारण खाचेत वाळूचे चार कण अडकले तरी मणी पूर्ण बसत नाही आणि आकडा पाण्यात गेल्या गेल्या सुटतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. शेपटीच्या कडीला चीर गेलेली दिसली तर ते शिसं फेकायला वापरू नका.

वजनाबद्दल. रॉडवर लिहिलेल्या मर्यादेत शिसं आणि आमिष मिळून वजन बसलं पाहिजे. बासचे हलके, ११ फुटांचे रॉड बहुधा २ ते ४ औंसांचे, म्हणजे सुमारे ५७ ते ११३ ग्रॅमचे असतात. त्यांवर १५० ग्रॅम लावू नये. त्यासाठी ४ ते ६ औंसांचा, १२ फुटांचा रॉड लागतो. शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसायला मुख्य दोरीच्या टोकाला जोडलेली जाड दोरी. तिचा जुना हिशेब अजूनही बरोबर आहे: दर औंसामागे १० पाउंड ताकद. १५० ग्रॅम म्हणजे ५.३ औंस, तेव्हा ६० पाउंडांचा लीडर घ्या. लांबी रॉडच्या दुप्पट आणि वर रिळावर ६ वेढे, म्हणजे एकूण ९ ते १० मीटर. लीडर नसेल आणि फेकताना मुख्य दोरी तुटली तर १५० ग्रॅमचं शिसं कुठेही जाऊ शकतं. शेजारी मित्र उभे असताना ही गोष्ट क्षुल्लक मानू नका.

मुख्य दोरी ०.३५ मिमीचं नायलॉन पुरेसं आहे. ती ०.४० केली तर पाण्याला अडणारी रुंदी सुमारे १४ टक्क्यांनी वाढते आणि तेवढा जास्त भार आकड्यांवर येतो. शिसं टिकत नाही असं वाटलं की लोक वजन वाढवतात. त्याआधी दोरीची जाडी तपासावी.

वादळात खरा शत्रू तुटून वाहत येणारं समुद्री गवत. ते दोरीवर जमत जातं, ओढ वाढते आणि उत्तम बसलेलं शिसंही उपटलं जातं. दोरी गोळा करताना ते लीडरच्या गाठीपाशी अडतं आणि रॉडच्या टोकाच्या रिंगमध्ये घट्ट बसतं. निमुळता लीडर वापरला तर गाठ लहान राहते आणि गवत खाली सरकतं. पण पाण्यात गवताचा रगडा झाला असेल तर कोणतंही शिसं उपयोगाचं नाही. वादळ ऐन भरात असताना जाण्यापेक्षा वारा पडल्यावर, लाट अजून उठते आहे आणि पाणी चहासारखं गढूळ आहे अशा भरतीला जावं. गवत निवळलेलं असतं, सुरक्षितही तेच असतं आणि बासही तेव्हाच चांगला खातो.

रिग, म्हणजे गळ आणि शिशाची जोडणी, म्हणाल तर पुली पेनल: वर-खाली दोन गळ, ३/० किंवा ४/० मापाचे, उपदोरी ३० पाउंड ताकदीची आणि सुमारे ६० सेंटीमीटर लांब, आमिष क्लिपमध्ये अडकवलेलं. मासा ओढतो तेव्हा शिसं वर उचललं जातं. आमिषाला कात टाकायच्या बेतात असलेला खेकडा उत्तम. तो नसेल तर लगवर्म या वाळूतल्या किड्यांचा जाड घोस, टोकाला माकुलाची पट्टी. वादळानंतर किनाऱ्यावर रेझर शिंपले पडलेले दिसले तर दुसरं काही शोधू नका.

मासा लागल्याची खूण दोन प्रकारची असते. एक म्हणजे टोक जोरात वाकतं. दुसरी नवख्यांना फसवते: दोरी एकदम सैल पडते. बासने आमिष घेऊन काठाकडे धाव घेतलेली असते आणि शिसं सुटलेलं असतं. अशा वेळी रॉड झटकू नका. पळत पळत रीळ फिरवा, दोरी ताठ झाली की मग उचला.

आमिष १५ ते २० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. लाटेने वास धुऊन जातो आणि फिरत्या वाळूत शिसं गाडलं जातं. गाडलेलं शिसं रॉडने हिसकू नका, रॉड तिथेच तुटतो. रॉड दोरीच्या रेषेत धरा, स्पूल अंगठ्याने दाबा आणि तोंड समुद्राकडे ठेवून दोन पावलं मागे जा. आकडे सुटतात.

गटाने जाणाऱ्यांसाठी एक अट पाळावीच: सगळ्यांचं शिसं एकाच प्रकारचं हवं. तिघांची ब्रेकआउट आणि एकाचं साधं गोल असलं तर आडव्या प्रवाहात ते गोल शिसं घरंगळत बाकी तिघांच्या दोऱ्या गोळा करतं, आणि भरतीची सर्वांत चांगली वेळ गाठी सोडवण्यात जाते. दोघांमध्ये किमान २० मीटर अंतर ठेवा. कुणी फेकत असताना त्याच्या मागे किंवा पुढे उभं राहू नका. पाण्यात गुडघ्यापलीकडे जाऊ नका. समुद्राकडे पाठ करू नका. फुगणारं लाइफजॅकेट प्रत्येकाने घालावं, आणि त्यात हायड्रोस्टॅटिक, म्हणजे पाण्याच्या दाबाने चालणारी, यंत्रणा असावी, कारण विरघळणाऱ्या गोळीची यंत्रणा लाटांच्या तुषारांनी भिजून अवेळी फुगू शकते. कुणी पाण्यात ओढला गेला तर त्याच्यामागे पाण्यात उडी न मारता ९९९ किंवा ११२ वर फोन करून कोस्टगार्ड मागावा.

पकडलेला बास ४२ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर परत सोडावाच लागतो. दिवसाला किती ठेवता येतात आणि कोणत्या महिन्यांत अजिबात ठेवता येत नाहीत, ते नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी पाहून घ्या. धरताना पाठीवरचे काटे आणि गालफडाची धारदार कड सांभाळा. ओल्या हाताने खालून आधार द्या.

उणिवा स्पष्ट सांगायच्या तर: मणी झिजतात, त्यामुळे दोन-तीन हंगामांनी पकड कमी होते. खडक किंवा शेवाळाचे दगड असलेल्या तळावर आकडे अडकून शिसं कायमचं जातं. तिथे साधं शिसं कमजोर दोरीने बांधणं बरं. शिशाचा धातू विषारी आहे, म्हणून हात धुतल्याशिवाय खाऊ नका. ब्रिटनमध्ये १९८७ पासून गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे. समुद्रातली ही मोठी वजनं तिच्यात येत नाहीत.

खरेदी करताना माणशी १५० ग्रॅमची चार आणि १७५ ग्रॅमची दोन घ्यावीत, रॉड तेवढं पेलत असेल तरच. मणीवाली, लांब शेपटीची, स्टेनलेस तारेची निवडा. ज्यांचे आकडे नुसत्या प्लास्टिकच्या टोपीत खोचलेले असतात ती स्वस्त असतात, पण ओल्या वाळूतून ओढताना टोपीच निघून येते.