कोर्टातलं नाव पुसून देतो म्हणाला, ३५,४९९ रुपये पुसून गेला

आधी आकडे लिहितो, म्हणजे 'थोडेफार गेले असतील' असं कोणी म्हणायला नको. ४,९९९, मग १८,५००, मग १२,०००. एकूण ३५,४९९ रुपये, नऊ दिवसांत, तीन वेगवेगळ्या क्यूआर कोडवर. आणि मी काही अडाणी नाही. इचलकरंजीत आठ माग चालवतो, जीएसटीचं रिटर्न स्वतः भरतो.

२०१९ मध्ये सुताच्या व्यापाऱ्याला दिलेला २,४०,००० चा चेक वटला नाही. मंदी होती, माझेच पैसे पुढे अडकले होते. चेक न वटल्याची, कलम १३८ ची केस झाली, २०२१ च्या लोकअदालतीत पैन् पै भरून मिटवली. पण ई-कोर्टच्या साइटवर काही मिटत नाही. कोर्ट निवडा, नावाची तीन अक्षरं आणि वर्ष टाका, की मी हजर. फुकट, कोणालाही. खाली 'निकाली' लिहिलंय, पण तिथवर वाचतो कोण?

मार्चमध्ये मुलीला स्थळ आलं आणि त्याच आठवड्यात हा फोन. कोर्टाच्या रेकॉर्ड विभागातून बोलतोय म्हणे. केसचा सीएनआर नंबर (म्हणजे केसचा ओळख क्रमांक), शेवटची तारीख, माझ्या वकिलांचं नाव, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. एवढं बाहेरच्याला कसं ठाऊक असणार, असं मला वाटलं. अरे, सगळं त्याच पानावर आहे की! "घरात लग्नकार्य असेल तर नाव झाकून घ्या साहेब." पुढचं तुम्हाला माहीत आहे.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. 'आतल्या सिस्टिम'चा म्हणून त्याने मला फोटो पाठवला. त्यात कोपऱ्यात कॅप्चाची चौकट होती, साइट बाहेरून बघणाऱ्याला ओळखून टाकावी लागतात ती वाकडीतिकडी सहा अक्षरं. आतल्या माणसाला कॅप्चा कशाला लागेल? मी ती पाहिली. नीट पाहिली. आणि मनात म्हणालो, केवढी सिक्युरिटी आहे!

पैसे भरल्यावर 'काम झालं' म्हणून दुसरा फोटो: 'रेकॉर्ड नॉट फाउंड'. बायकोला पेढे आणायला सांगितलं. भाच्याने तो फोटो मोठा करून बघितला, तर वर्षाच्या रकान्यात २०१८. केस २०१९ ची. बस, एवढीच कारागिरी.

कोर्टाची फी कोणाच्या खासगी यूपीआयवर जात नाही, हे पाठ करून ठेवा.

ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, "तुम्हीच पाठवलेत ना? मग चोरी कुठे झाली?" बँक म्हणते एफआयआरची प्रत आणा, ठाणं म्हणतं बँकेचं पत्र आणा. दोघांमध्ये चार हेलपाटे, प्रत्येक खेपेला अर्धी पाळी बुडाली. कोर्टातल्या बाबूने तर चष्म्यावरून बघून विचारलं, "नाव एवढं खुपत होतं तर चेक कशाला दिलात?" रांगेतले सगळे हसले. असं झालं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या तासाभरात फोन करा. मी लाजेपोटी नऊ दिवस गप्प बसलो, तोवर खाती रिकामी.

शेवटी आमच्या वकिलांकडेच गेलो, जे आधीच करायला हवं होतं. ते म्हणाले, न्यायदान उघड्यावर चालावं हा नियमच आहे, बंद दाराआड गरिबाचं काय होईल सांगता येत नाही. मुंबईच्या एका प्रकरणात १९६६ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी तेच सांगितलं, पण न्यायासाठी गरज पडली तर कोर्ट एखादी साक्ष झाकून ठेवू शकतं, हेही मान्य केलं. तो साक्षीदारही व्यापारीच, धंद्याला मार बसेल म्हणून साक्ष छापू नका म्हणणारा. आणि २०१७ मध्ये पुन्हा नऊ न्यायाधीश: खासगीपणा हा मूलभूत हक्क. पटलं मला दोन्ही. पण भिंतीवर लावलेली तारखांची यादी बघायला माणसाला कोर्टात यावं लागायचं. आता भामट्याला खुर्चीतून उठावंही लागत नाही. नाव झाकायचं तर वकिलामार्फत रीतसर अर्ज आणि न्यायाधीशांचा आदेश, फोनवर ते काम कोणीही करून देत नाही. हिंदू विवाह कायद्याखालच्या घटस्फोटाच्या केसेस तर कायद्यानेच बंद दाराआड चालतात, त्या भगिनींनी असल्या फोनला अजिबात भीक घालू नये.

स्थळवाल्यांनी साइट बघितली की नाही, देव जाणे. पत्रिका जुळली नाही म्हणाले.

तिसऱ्या बारा हजारांचं घरात अजून बोललेलो नाही. वाचणाऱ्यांत आमचे मेहुणे असतील तर त्यांनी तोंड बंद ठेवावं.