सायक्लोन, कोनी आयलंड: शेवटच्या डब्यातच बसा

न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडचा सायक्लोन हा 'लाकडी' रोलर कोस्टर म्हणून गेलो आणि आधी खाली उभं राहून खांब न्याहाळले. वडील सुतार होते, खोड जात नाही. खांब चक्क पोलादाचे निघाले! लाकूड आहे ते रुळांत: फळ्यांचे थर एकावर एक घट्ट बसवलेले, वर चपटी पोलादी पट्टी. मुलगी म्हणाली, "बाबा, बसायचंय की मोजमाप घ्यायचंय?"

जागा मात्र मानाची. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसनने आपली स्विचबॅक रेल्वे, म्हणजे अमेरिकेतल्या सुरुवातीच्या रोलर कोस्टरांपैकी एक, इथेच उभी केली होती. वेग ताशी ६ मैल, तिकीट ५ सेंट. सायकलवाल्यानेही मागे टाकली असती. त्याच ठिकाणी २६ जून १९२७ ला सायक्लोन सुरू झाला. उंची ८५ फूट, वेग ताशी ६० मैल, तिकीट तेव्हा २५ सेंट. आराखडा व्हर्नन कीननचा.

साखळी गाडीला वर ओढते तेव्हा खालून कटकट, कटकट आवाज येतो. काही मोडलं नाही, गाडी मागे घसरू नये म्हणून खटका दातांवरून सरकतो, त्याचा तो आवाज. माथ्यावर पोचलं की समोर अटलांटिक. सुंदर दिसतो म्हणतात. मी मांडीवरचा दांडा बघत होतो.

पहिली उडी जवळजवळ ५८ अंशांची. पुढच्या डब्यातले लोक माथ्यावरून डोकावून क्षणभर लोंबकळतात, मागचे डबे अजून चढत असतात ना. शेवटच्या डब्याला ती सवलत नाही. पुढचं वजन त्याला फरफटत खाली नेतं आणि बूड सीटवरून सुटतं. पैसे वसूल होतात ते तिथे. हादरे भरपूर, चश्मा खिशात, जीभ दातांच्या आत. सगळं मिळून दोन मिनिटंही नाहीत, उड्या मात्र १२.

एवढं असून हा पाडायचं घाटत होतं. १९६९ मध्ये न्यूयॉर्क शहराने विकत घेतला, शेजारच्या मत्स्यालयाला हातपाय पसरायला जागा हवी होती. लोक आडवे आले, १९७५ मध्ये डागडुजी होऊन चाकं पुन्हा फिरली आणि १९८८ मध्ये त्याच शहराने त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला!

फलाटावर उतरलो तर ब्रेकचा लांब दांडा माणूस हाताने ओढताना दिसला. तो बघायला थांबलो. मुलगी तोवर दुसऱ्यांदा रांगेत.