व्हायझरवरचं पिवळं लेबल: रॅप उखडला, खोळ टिकली

व्हायझरवरचं, म्हणजे पुढच्या काचेवर ऊन अडवायला खाली ओढतो त्या फळीवरचं, एअरबॅग लेबल झाकायला मॅट विनाइलची (चिकट प्लास्टिकची) पट्टी, म्हणजे रॅप, लावून हिवाळा छान गेला होता, आणि तेव्हाच तिला चार तारे देऊन झाले होते. मे महिन्यात कडा उचलल्या, खालून गोंद पाझरला. ते तारे परत घेतले आहेत.

लेबल कुठलं ते सांगायला नको. पुढच्या सीटवर मागे तोंड करून बेबी सीट लावू नका, हे चित्रातून सांगणारं. 2021 मध्ये पुढच्या प्रवाशाचीही एअरबॅग सक्तीची झाली आणि स्वस्तातल्या गाड्यांतही ते दिसू लागलं. युरोपीय नियमात त्याचा आकार किमान 120 बाय 60 मिमी, शिवाय व्हायझर वर असो वा खाली, एक लेबल दिसलंच पाहिजे. म्हणजे काढायचं तर दोन्ही बाजूंचं.

आधी नखाने कोपरा तपासा. कड लागली तर स्टिकर. नाही लागली तर ती छपाई, आणि तिच्या नादी लागूच नका. शाई जाईपर्यंत रेक्झीनचा दाणाही घासून गुळगुळीत होतो.

स्टिकर असेल तर हेअर ड्रायर मध्यम आचेवर, चार-पाच इंचांवरून, सतत हलता ठेवायचा. हाताला सोसेल इतकंच गरम. मग कोपरा जुन्या एटीएम कार्डाने उचलून स्टिकर मागे दुमडायचा आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढायचा. सरळ वर ओढलं की रेक्झीन खालच्या फोमपासून सुटतं आणि कायमचा फुगा येतो. दुकानदार हीट गन काढेल, नको म्हणा. रेक्झीन आक्रसतं.

खरा वैताग यापुढे. कागद निघतो, गोंद राहतो. रेक्झीन मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं त्या गोंदात झिरपलेलं असतं, म्हणून जुन्या गाडीत तो चिंगमसारखा तारा धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या, व्हायझरवर ओतू नका. अर्धा मिनिट दाबून धरा, मग एकाच दिशेने गोळा करत आणा. दर वेळी कापडाची नवी घडी, नाहीतर तोच गोंद व्हायझरभर पसरेल. निलगिरी तेलही मस्त काम करतं, पण फक्त रेक्झीनवर, आणि नंतर साबणाच्या पाण्याने पुसायला हवं. कापडी व्हायझरवर त्याचा डाग राहतो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर तिन्ही बाद.

आणि एवढा घाम गाळून मिळतं काय? बाकीचा व्हायझर उन्हाने उतरलेला, लेबलखालचा भाग मूळ रंगाचा. लेबलाच्या आकाराचा चौकोन तिथेच! वैतागून नवा व्हायझर मागवलात तर तोही लेबल लावूनच येतो.

विनाइल फसतं त्याला कारण आहे. दाणेदार रेक्झीनवर ते फक्त उंचवट्यांना धरतं. उन्हात उभ्या गाडीत, काचेजवळ तापून ते आक्रसतं आणि कडा सुटतात. कोपरे गोल कापले तर थोडं जास्त टिकतं, इतकंच.

आता गाडीत आहे ती कापडी खोळ. छताच्या रंगाचं, ताणलं जाणारं होजिअरीचं कापड घ्या. व्हायझरची लांबी-रुंदी मोजून दोन्हींत जाडी मिळवा, शिवणीला चहूबाजूंनी एकेक सेंटिमीटर सोडा. हुकात बसणाऱ्या दांडीसाठी वरची शिवण दीड-दोन इंच उघडी ठेवा. आरसा असेल तर तिथे खिडकी. व्हायझर हुकातून सोडवून मोकळ्या टोकाकडून खोळ चढवायची आणि बिजागरीच्या बाजूला वेल्क्रोने बंद करायची. स्क्रूला हात लावायचं कारणच नाही. दिवा असलेल्या व्हायझरची वायर छतातून येते, आणि कर्टन एअरबॅगवाल्या (छताच्या कडेतून खिडकीवर उघडणाऱ्या एअरबॅगच्या) गाडीत त्या कोपऱ्यात उचकटाउचकट नको. उरलेलं कापड आणि टेलरची किरकोळ शिलाई, खर्च एवढाच. पिना, चुंबक, पेन अडकवायचे खिसे मात्र मुळीच नकोत. डॅशबोर्डमधली एअरबॅग काचेच्या बाजूने वर उसळते आणि असल्या वस्तू चेहऱ्यावर येऊ शकतात.

खोळीला पाच तारे देण्याचं कारण, ती क्षणात निघते. मागे तोंड केलेल्या सीटची पाठ डॅशबोर्डच्या अगदी जवळ येते, एअरबॅग तिथेच आदळते आणि बाळाचं डोकं त्या पाठीलाच टेकलेलं असतं. गाडी तान्ह्या बाळाच्या घरी द्यायची असेल तर खोळ काढूनच द्या. गाडी विकतानाही तेच.

चालकाच्या बाजूच्या खोळीवर हातांचा तेलकट काळपटपणा लवकर धरतो. साध्या पावडरीत धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय चढवू नका. काही व्हायझरच्या आत पुठ्ठा असतो, ओलीने तो फुगतो.